दम्यावरील मत्स्योपचार : श्रद्धा आणि सावधगिरी
जूनमध्ये मृग नक्षत्राच्या प्रारंभी हैदराबादच्या नामपल्ली प्रदर्शन मैदानावर देशभरातील दमेकरी जमतात. बथिनी गौड कुटुंब वनौषधींचा लगदा लहान, जिवंत मरळ माशाच्या तोंडात भरून रुग्णाला विनामूल्य गिळावयास देते. शाकाहारींना तो गुळातून मिळतो. ही कृती १८४५ मध्ये एका साधूकडून लाभल्याचे कुटुंब सांगते. तिची परिणामकारकता मात्र वैज्ञानिक चाचण्यांतून सिद्ध झालेली नाही.

योगाभ्यासाने त्रास काहीसा कमी होऊ शकतो, असे २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले. परंतु तोही औषधाला पर्याय नव्हे. दम्यात श्वासनलिकांना येणारी सूज श्वासावाटे घेतलेल्या स्टिरॉइडने आटोक्यात राहते. बरे वाटताच इन्हेलर परस्पर थांबविल्यास जीवघेणा झटका येऊ शकतो. पूरक उपचार डॉक्टरांना सांगूनच करावेत.