तोतयाचे दुसरे बंड

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुपारी आमच्या घरी एक प्रकार घडला. जेवणे आटोपली होती, पानसुपारी चालली होती. इतक्यात अण्णांचा नातू, जो अभियांत्रिकी शिकतो, तो मोबाईल घेऊन मध्ये येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, आजी, एक गंमत दाखवतो." अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. त्यांना जाऊन आता सहा वर्षे झाली. मोबाईलच्या पडद्यावर त्यांचा एक जुना फोटो होता. बघता बघता त्या फोटोतले डोळे मिटले, उघडले, ओठ हलले, आणि अण्णांच्या आवाजात शब्द आले, "सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!"

घोगरा, शेवटच्या अक्षरावर किंचित दबणारा तो आवाज अण्णांचाच होता. घरच्या एका लग्नाच्या चित्रफितीतला आवाजाचा तुकडा यंत्राला दिला की बाकीचे सारे यंत्रच करते, असे पोरगा मोठ्या उत्साहाने सांगत होता. मला मात्र लगेच खटकले. अण्णा उभ्या जन्मात कुणाला 'हार्दिक शुभेच्छा' म्हणाले नाहीत. दिवाळीच्या दिवशी समोर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असे, "अंघोळ झाली का रे पहाटे, की लोळत पडला होतास?" मी तसे बोलून दाखवले. वहिनी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बोलणं त्यांचं नव्हे, भाऊजी. पण आवाज त्यांचाच आहे." आणि नातवाला म्हणाल्या, "परत लाव."

मी बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे असले काही पाहिले की माझे मन आपोआप मागे धावते. त्या दुपारी ते थेट पानिपतच्या पलीकडे जाऊन थांबले.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांचा देह रणांगणात सापडला, पण त्याला शिर नव्हते. ओळख पटवून दहन झाले तरी शंका उरलीच. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर पतीचा मृत्यू मानलाच नाही, आणि वैधव्यही पत्करले नाही. महाराष्ट्रात एकेका घरातली दोन दोन, तीन तीन माणसे परत आली नव्हती. कुणी कैदेत असेल, कुणी बैरागी होऊन हिंडत असेल, आज ना उद्या दाराशी येईल, अशी आशा धरूनच त्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी म्हातारपण गाठले.

या आशेच्या पोटी तोतया जन्माला आला. पानिपतानंतर थोड्याच वर्षांत एक मनुष्य आपणच भाऊ असे सांगू लागला. तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण असल्याचे सांगतात. थोरल्या माधवरावांच्या अमदानीत त्याची चौकशी होऊन त्याला कैदेत टाकले गेले. तेथेच गोष्ट संपायची. पण पुढे काळ फिरला. माधवराव गेले, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा इंग्रजांच्या गोटात शिरले आणि पेशवाईच्या गादीवर दोन वर्षांचे मूल होते. अशा वेळी पुण्याच्या कारभाऱ्यांवर रुसलेल्यांना आणि भांबावलेल्या रयतेला एक खंबीर भाऊसाहेब हवेच होते. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यावरून, तिथल्याच अधिकाऱ्याच्या आश्रयाने तोतया बाहेर पडला आणि पाहता पाहता कोकणचा बराच मुलूख त्याने घेतला. त्याच्या निशाणाखाली हजारो माणसे जमली. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले.

मुलांना मी नेहमी विचारीत असे, "ही सगळी माणसे मूर्ख होती काय?" वर्गातून हमखास "हो" असे उत्तर येई. ते बरोबर नव्हे. तोतयाचा चेहरा भाऊंशी किती मिळत होता, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ज्यांना त्याची गरज होती त्यांना तो पुरेसा मिळत होता. पुढे पुण्याहून फौजा आल्या, तोतया समुद्रमार्गे पळाला, कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्याला धरले. पुण्यात पंच बसले. भाऊंना जवळून ओळखणारी माणसे समोर आणली गेली, प्रश्न विचारले गेले, जबान्या झाल्या, आणि १७७६ च्या डिसेंबरात त्याला देहदंड मिळाला. शिक्षा त्या काळाला साजेशी क्रूर होती. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तोतयाला देह होता. त्याला पुण्यात आणून लोकांसमोर उभे करता येत होते आणि विचारता येत होते, "तू कोण?"

आता थोडे अलीकडे येऊ. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि त्याच्या आधीच आवई येऊन पोचली की इस्पितळात नेलेल्या माणसांची मोमियाई काढतात. त्या वर्षीच्या २९ ऑक्टोबरला जवळजवळ हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. ही आवई चाळींच्या जिन्यांवरून आणि गिरण्यांच्या फाटकांवरून, पायाने, तोंडातोंडी चालत गेली होती. भीतीला कारण होते हेही विसरता येत नाही. सरकारी माणसे घरात घुसून आजाऱ्याला ओढून नेत असतील, तर तिथे पुढे काय होते याची कल्पना लोकांनी मोमियाईपर्यंत नेली, यात नवल ते काय?

आणि २१ सप्टेंबर १९९५ चा गुरुवार तर वाचकांपैकी अनेकांनी स्वतःच पाहिला असेल. पितृपक्षाचे दिवस होते. दिल्लीत पहाटे गणपती दूध प्याला म्हणे, आणि दुपारपर्यंत सगळ्या देशातले गणपती दूध पिऊ लागले. लंडन आणि हाँगकाँगचे गणपतीही मागे राहिले नाहीत! आमच्या घरी बातमी सकाळी आली ती नागपूरच्या मावशीच्या ट्रंककॉलने. ट्रंककॉल हा आमचा जुना शब्द. खरे तर मावशी पिवळ्या पाटीच्या एस.टी.डी.च्या दुकानातून बोलत होती आणि मागे रांग लागल्याचे सांगत होती. मी त्या दिवशी शाळेत पृष्ठताण आणि केशाकर्षण असे दोन शब्द फळ्यावर लिहिले, चमचा तिरका केला की दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ पदरासारखे कसे ओघळते ते शाडूच्या गणपतीवर दाखवले, आणि घरी आलो तर आमचेच कुटुंब वाटी घेऊन देवळाकडे निघालेले. मीही गेलो. रांगेत उभा राहिलो. चमचा धरला तेव्हा हात थोडा कापला हे कबूल करतो. दोन दिवसांत सारे ओसरले आणि मावशीला आम्ही पुढे कित्येक वर्षे चिडवीत होतो. पाहा, चिडवायला मावशी होती.

यापुढची हकीकत लिहिताना हात जड होतो. जून २०१८ मध्ये आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटात एक मजकूर आला. मुले पळवणाऱ्यांची टोळी महाराष्ट्रात उतरली आहे, ते लोक भिकाऱ्यांच्या वेषात फिरतात, सावध राहा, पुढे पाठवा. मी मजकूर वाचला, अंगणात खेळणाऱ्या माझ्या नातीकडे पाहिले, आणि तो आणखी चार गटांना पाठवून दिला. 'साधन तपासल्याशिवाय विधान करू नये' हे वाक्य ज्याने बत्तीस वर्षे फळ्यावर लिहिले, त्याच हाताने मी ते बटण दाबले. या कामी मला एक मिनिटही लागले नसेल.

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी वस्तीचे गाव आहे. तिथला तो आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षेसाठी तिथे उतरली. बहुतेकजण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. पिढ्यान् पिढ्या गावोगाव हिंडून भिक्षा मागणे हा त्यांचा उदरनिर्वाह. मुले पळवणाऱ्यांची कंडी त्या भागात आधीच पिकली होती. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला म्हणे, एवढे निमित्त झाले. जमावाने त्यांना मारीत नेऊन ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि तिथे पाचहीजणांचा जीव घेतला.

माझा मजकूर तिथवर पोचला असेल असे नाही. पोचला नसेल असे म्हणण्याइतका पुरावाही माझ्यापाशी नाही. तो मला कुणी पाठवला हे मी त्यानंतर शोधू पाहिले. गटातल्या एका भाच्याने, त्याला त्याच्या कचेरीतल्या गटातून, त्यांना आणखी कुठून. चौथ्या पायरीला वाट संपली. त्या दिवसांत एक चित्रफीतही देशभर फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. मूळची ती कराचीत मुलांच्या सुरक्षेविषयी लोकांना जागे करण्यासाठी केलेली चित्रफीत. शेवटी ते दोघे परत येतात, मूल सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. हा शेवट कुणीतरी कापून टाकला होता. कुणी? पुण्याच्या पंचांपुढे उभे करायला इथे कुणीच नाही.

त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. म्हणजे बटणाचा वेग हा देवाने दिलेला नव्हता, माणसांनी ठरवलेला होता आणि तो कमी करता येत होता. पाच माणसे गेल्यानंतर तो कमी झाला.

समाजमाध्यमांनी भले केलेच नाही असे मी म्हणणार नाही. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात अडकलेल्यांचे पत्ते याच मार्गाने बाहेर आले. पण पडद्यावर आपल्यापुढे काय यावे हे आता बहुतांशी यंत्र ठरवते, आणि ज्यावर आपले बोट थबकते ते अधिक दाखवायचे, एवढेच त्या यंत्राला शिकवलेले असते. बोट कशावर थबकते? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या तीन अभ्यासकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे सव्वा लाख बातम्या तपासल्या. पंधराशे माणसांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागला. यंत्रांनी चालवलेली खोटी खाती वजा करून पाहिले तरी निष्कर्ष तोच राहिला. खोटे पुढे ढकलणारी माणसेच होती, माझ्यासारखी.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. तिचा इतिहासही वाटतो तितका कोवळा नाही. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा संगणकाचा कार्यक्रम तयार केला. तुम्ही जे टाइप कराल तेच थोडे फिरवून प्रश्नाच्या रूपात तो परत विचारी, बाकी काही नाही. तो कसा तयार झाला हे त्यांच्या सेक्रेटरीबाईंनी महिनोन् महिने पाहिले होते. तरी त्याच्याशी दोन वाक्ये बोलल्यावर त्यांनी वायझेनबॉमना खोलीबाहेर जायला सांगितले. त्यांना खाजगी बोलायचे होते. वायझेनबॉम यांनी पुढचे आयुष्य आपल्याच यंत्राच्या क्षेत्राविरुद्ध इशारे देण्यात घालवले. मला त्या बाईंचे हसू येत नाही. आमच्या पाडव्याच्या दुपारी मी तेच पाहिले होते.

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांना लोकांना सांगावे लागले की मोबाईलवरच्या एका खेळाची जाहिरात करणारा चित्रफितीतला सचिन आपण नव्हे. ज्याचा चेहरा घराघराला पाठ आहे, त्याने स्वतः पुढे येऊन 'तो मी नव्हेच' म्हणायचे! १७७६ मध्ये तोतयाला आपण खरे आहोत हे सिद्ध करावे लागत होते. आता खऱ्या माणसावर ती पाळी आली आहे. आणि उलटाही उपयोग होणारच: उद्या खरोखर लाच घेताना सापडलेला मनुष्य म्हणेल की चित्रफीत यंत्राने केली. पंचांनी मग कुणाची जबानी घ्यावी?

हे सारे मी अण्णांच्या नातवाला हळूहळू सांगितले. पोरगा गुणी आहे, मन लावून ऐकतो. एक गोष्ट मात्र माझ्या हातून चुकली. अण्णा दिवाळीत काय विचारीत असत, हे त्या दुपारी मी त्याच्यासमोरच बोललो होतो.

यंदा गणपतीला आम्ही सगळे वहिनींकडे जमलो. नातू स्वयंपाकघराच्या दारात आला. "आबा, आता नीट जमलंय, ऐका," म्हणाला, आणि त्याने मोबाईल पुढे केला. "अंघोळ झाली का रे पहाटे?" अण्णांनी विचारले. तेच शब्द, तीच तुसडी माया, शेवटचे अक्षर दबलेले. मला यात आता एकही चूक काढता आली नाही.

वहिनी ताटात उकड मळत होत्या. त्यांचा हात थांबला. नातू म्हणाला, "आजी, परत लावू?"

"राहू दे रे," त्या म्हणाल्या, "उकड निवतेय." आणि तेलापाण्याचा हात लावून त्या पुन्हा मळू लागल्या.