वाळवी नेमके खाते काय?

मुलांना घेऊन पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेलात आणि वारूळ दिसले, की दोन प्रश्न हमखास येतात. आत नाग असतो का? आणि मुंग्या एवढी माती कशी वाहतात? वारूळ मुंग्यांचे नाही, वाळवीचे, हे सांगून आपण पुढे जातो. वाळवी लाकूड खाते आणि तिच्या आतड्यातले आदिजीव ते पचवतात, हेही सांगतो. मीसुद्धा बरीच वर्षे असेच सांगत होतो. काही वाळव्यांच्या बाबतीत ते खरेच आहे. पण आपल्याकडे वारुळे बांधणाऱ्या ओडोंटोटर्मिस या वाळवीच्या पोटात हे आदिजीव नसतातच! मग लाकूड पचवते कोण?

या प्रश्नाचा पहिला धागा भारतातच सापडला. लिनेयसचा शिष्य योहान कोनिग हा दक्षिणेतल्या त्रांकेबार या डॅनिश वसाहतीत वैद्य होता. १७७९ साली त्याने वाळवीवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात वारुळातल्या बुरशीचे वर्णन आहे. ही बुरशी म्हणजे पिल्लांचे अन्न असावे, असा त्याचा तर्क होता. दोनच वर्षांनी हेन्री स्मीदमनने आफ्रिकेतल्या वाळवीचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. बुरशी त्यानेही पाहिली होती. परंतु ती ज्यावर वाढते ते स्पंजासारखे पोळे त्याला पिल्लांचे पाळणाघर वाटले. कोनिगच्या तर्काचा उल्लेख करून, वाळवी बुरशीची जोपासना करत असेल तर नवल नाही, एवढे मात्र त्याने लिहून ठेवले. पुढे १९०६ साली श्रीलंकेत टॉम पेच यांनी या बुरशीचा तपशीलवार अभ्यास केला आणि १९४२ साली फ्रान्सच्या रोजे हाइम यांनी तिच्या प्रजातीला टर्मिटोमायसिस हे नाव दिले.

आता कोडे बरेचसे सुटले आहे. कामकरी वाळव्या लाकूड, काटक्या, वाळलेली पाने खातात, पण ते त्यांच्या पोटातून जवळजवळ न पचताच बाहेर पडते. त्या विष्ठेचेच पोळे रचले जाते. त्यावर बुरशी वाढते आणि लाकडातले लिग्निन व सेल्युलोज यांचे विघटन करते. पोळ्यावर आलेले पांढरे दाणे तरुण कामकरी खातात, तर जुने, मऊ झालेले पोळे वयस्क वाळव्यांच्या वाट्याला येते. म्हणजे वाळवीचे खरे पोट तिच्या शरीराबाहेर, वारुळात आहे. हिमालयातल्या सूचिपर्णी झाडांत अंडी घालणारी लाकूडमाशीही अंड्यांबरोबर बुरशी पेरते. पण मशागत करत नाही. वाळवीची शेती मात्र सुमारे तीन कोटी वर्षांची असावी. टांझानियात अडीच कोटी वर्षांपूर्वीच्या पोळ्यांचे जीवाश्म सापडल्याचे २०१६ साली जाहीर झाले. आपली शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची!

पावसाळ्यात हीच बुरशी लांब देठाची अळंबी होऊन जमिनीबाहेर येते. गोव्यात तिला रोयणीची अळमी म्हणतात. रोयण म्हणजे वारूळ. सातेरी देवीची पूजा होते तीही याच रूपात. नाव ठेवण्यात रानातून अळंबी आणणाऱ्या बायका हाइमच्या पुढेच होत्या म्हणायच्या.

या अळंबीला भाव चांगला मिळतो, कारण ती धिंगरीसारखी शेडमध्ये पिकवता येत नाही. त्यामुळे कळ्या उमलण्यापूर्वीच ती तोडली जाते. या अनिर्बंध तोडणीबद्दल गोव्यातले कवकशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत अनेक वर्षे लिहीत आले आहेत. यातला धोका नीट समजून घ्यायला हवा. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणारे वाळवीचे पंखवाले किडे नवे घर थाटायला निघालेले असतात. ओडोंटोटर्मिसच्या या जोडप्यांजवळ बुरशीचे बियाणे नसते. काही आठवड्यांनी त्यांची पहिली कामकरी पिल्ले बाहेर पडतात, तेव्हा जुन्या वारुळांवर अळंबी उमललेली असते. तिच्या छत्रीतून जमिनीवर पडलेले बीजाणू काटक्यांबरोबर पोटात जातात आणि नव्या वारुळात पेरणी होते. छत्री उमललीच नाही, तर बीजाणू पडत नाहीत.