पन्नास बिया आणि पेटंट क्रमांक २१४४३६

भारतीय पेटंट क्रमांक २१४४३६ हे आधी त्यातल्या तारखांसाठी वाचावे. आंतरराष्ट्रीय अर्ज ४ नोव्हेंबर १९९९ चा. भारतात मंजुरी १२ फेब्रुवारी २००८ रोजी. मुदत अर्जापासून वीस वर्षे, म्हणजे ४ नोव्हेंबर २०१९ पर्यंत. पेटंटधारक अमेरिकेतील मोन्सॅन्टो टेक्नॉलॉजी. विषय ‘क्राय टू एबी’ हे जनुक. मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे हे जनुक कपाशीत घातले की बोंडअळीला मारक ठरणारे प्रथिन झाडातच तयार होते. ‘बोलगार्ड-२’ कपाशीतल्या दोन जनुकांपैकी हे एक.

मोन्सॅन्टोच्या भारतातील कारभाराचा पत्ता अंधेरी पूर्वेचा होता: महाकाली केव्हज रोडवरचे आहुरा सेंटर. मोन्सॅन्टो आणि जालन्याची महिको यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीतली कंपनी होती महिको मोन्सॅन्टो बायोटेक. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये उभारलेल्या महिकोचा बियाण्यातला अनुभव आणि परदेशी जनुक या कंपनीत एकत्र आले.

दुसरा कागद म्हणजे या कंपनीने हैदराबादच्या नुझिवीडू सीड्सशी केलेला उपपरवाना करार, २१ फेब्रुवारी २००४ चा. न्यायालयीन निकालांतून त्याचा तपशील कळतो. नुझिवीडूने एकरकमी ५० लाख रुपये द्यायचे आणि बदल्यात जनुक असलेल्या ५० बिया घ्यायच्या. शिवाय विकलेल्या प्रत्येक पाकिटामागे ‘ट्रेट व्हॅल्यू’, म्हणजे जनुकाच्या वापराचे शुल्क, भरायचे.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहू. करार २००४ चा, पेटंट २००८ चे. मग पहिली चार वर्षे पैसे नेमके कशाचे घेतले गेले? एक खूण हाताशी आहे. जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने २६ मार्च २००२ रोजी ज्या पहिल्या बोलगार्ड कपाशीला परवानगी दिली, तिच्यावर भारतात पेटंट नव्हतेच. शुल्क मात्र तिच्यावरही आकारले जात होते. यावरून मी असे अनुमान करतो की सुरुवातीची खरी ताकद पेटंटात नव्हती. ती मूळ बियांच्या ताब्यात आणि जैवसुरक्षेच्या मंजुरीत होती. हे अनुमानच आहे, पण तारखा त्याच्या बाजूने बोलतात.

तिसरा आधार कायद्याचा. २००२ च्या दुरुस्तीने पेटंट कायद्यात कलम ३ (जे) आले आणि ते २० मे २००३ पासून लागू झाले. वनस्पती आणि प्राणी, त्यांचे भाग, बियाणे, वाण, तसेच वनस्पती-प्राणी निपजवण्याच्या मुख्यतः जैविक प्रक्रिया यांना पेटंट नाही. सूक्ष्मजीव तेवढे वगळलेले. म्हणजे अर्ज कलमाच्या आधीचा आणि मंजुरी नंतरची.

पेटंटात मंजूर झालेले दावे २७. पहिले २४ प्रक्रियेविषयी, शेवटचे तीन न्यूक्लिइक आम्लाच्या क्रमाविषयी. सगळा वाद पंचविसाव्या दाव्यापाशी येऊन थांबतो. त्यात वर्णन आहे ते जोडून तयार केलेल्या डीएनए-क्रमाचे, जो वनस्पतीच्या पेशीत काम करू लागला की विषारी प्रथिन पेशीतल्या ठरावीक कप्प्यात पोचवतो. ‘बी’ किंवा ‘झाड’ यांवर तो थेट हक्क सांगत नाही. पण हा क्रम कपाशीच्या गुणसूत्रात कायमचा बसून पिढ्यान्‌पिढ्या उतरू लागला, तर तो झाडाचा ‘भाग’ झाला की नाही? नुझिवीडूचे म्हणणे होते की झाला. प्रयोगशाळेतले काम एकदाच झाले; त्या बियांपासून पुढे आपल्या वाणांत गुण आणला तो नेहमीच्या संकराने. मोन्सॅन्टोचे म्हणणे असे की माणसाने रचलेला रेणू झाडात गेल्याने निसर्गाचा होत नाही.

वाद पेटला तो शुल्कावरून. मोन्सॅन्टोच्या बाजूकडून नोव्हेंबर २०१५ मध्ये करार रद्द केला गेला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात नुझिवीडूविरुद्ध खटला दाखल झाला. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ८०० रुपये आणि त्यातली ट्रेट व्हॅल्यू ४९ रुपये ठरवली. विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी या खटल्यात पक्षकार नव्हता, पण पाकिटामागचा प्रत्येक रुपया शेवटी त्याच्याच खिशातून जात होता. म्हणून हा आकडा मला कराराच्या रकमेइतकाच महत्त्वाचा वाटतो.

यापुढे तीन निकाल. २८ मार्च २०१७ रोजी न्या. आर. के. गौबा यांनी करार रद्द करणे बेकायदा ठरवले आणि पेटंटच्या वैधतेचा प्रश्न सुनावणीसाठी राखून ठेवला. ११ एप्रिल २०१८ रोजी न्या. एस. रवींद्र भट आणि न्या. योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने पेटंट रद्द करण्याचा नुझिवीडूचा प्रतिदावा मान्य करून ३ (जे) खाली पेटंटच अवैध ठरवले. संरक्षण हवे तर वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ चा मार्ग दाखवला. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. रोहिंटन नरिमन आणि न्या. नवीन सिन्हा यांनी तो निकाल बाजूला सारला. इतका गुंतागुंतीचा तांत्रिक प्रश्न तज्ज्ञांच्या साक्षीशिवाय सोडवता येणार नाही, असे म्हणून त्यांनी प्रकरण पुन्हा एकल न्यायाधीशांकडे पाठवले.

वाचताना एक गोष्ट सहज सुटते. सर्वोच्च न्यायालयाने पेटंट वैध आहे असे कुठेच म्हटलेले नाही. पुरावा घ्या, एवढेच सांगितले.

तेव्हा पेटंटच्या मुदतीचे दहा महिने उरले होते. ४ नोव्हेंबर २०१९ ला ती संपली. तोवर मोन्सॅन्टो जर्मनीच्या बायर कंपनीची झाली होती. मार्च २०२१ मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली. खटला पुढे चालला असता, तर जनुकशास्त्रज्ञ साक्षीला उभे राहिले असते, त्यांची उलटतपासणी झाली असती आणि पंचविसाव्या दाव्यातला क्रम झाडाचा भाग आहे की नाही यावर पुराव्यानिशी निष्कर्ष निघाला असता. तो भाग या खटल्याच्या कागदपत्रांत नाही. कलम ३ (जे) चे शब्द मात्र जसेच्या तसे आहेत.