जुन्या मोटारीचे मोल कोण ठरवणार?

भारतात मोटारीचा विमा सक्तीचा झाला तो १ जुलै १९४६ रोजी. कायदा १९३९चाच होता, पण त्यातले विम्याचे प्रकरण सात वर्षांनी अमलात आले. इंग्लंडने १९३०मध्ये अशी सक्ती आधीच केली होती. ही सक्ती रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला भरपाई मिळावी एवढ्यापुरती होती. मालकाच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान झाले तर काय, हे त्याने आणि विमा कंपनीने आपसात पाहायचे होते. जुन्या मोटारींची खरी अडचण सुरू होते ती इथेच.

गाडी दरवर्षी स्वस्त होत जाते, हे मोटार विम्याचे मूळ गृहीतक. २००२च्या मोटार टॅरिफने त्याचे कोष्टकच घालून दिले: पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के घट, वर्षापर्यंत पंधरा, असे करत पाचव्या वर्षाअखेर पन्नास. पुढे कोष्टक थांबते. पाच वर्षांवरची गाडी किंवा उत्पादन बंद झालेले मॉडेल असेल, तर किंमत दोन्ही पक्षांनी समजुतीने ठरवायची.

कागदावर लिहिलेल्या या आकड्यावर गाडीचे भवितव्य अवलंबून असते. दुरुस्तीचा खर्च या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी पूर्ण नष्ट झाली असे धरतात. समजा, हप्ता कमी बसावा म्हणून मालकाने जुन्या गाडीचे मूल्य दोन लाख लिहिले. मग दीड लाखावरची कोणतीही दुरुस्ती म्हणजे कागदोपत्री गाडीचा शेवट. परदेशातून एखादा सुटा भाग मागवावा लागला, तर हा आकडा गाठायला मोठा अपघात लागत नाही. जी गाडी कारागिराच्या हाताखाली पुन्हा उभी राहिली असती, ती अशा वेळी भंगारात जाऊ शकते.

जुन्या मोटारीला वेगळे नाव देण्याचे काम टॅरिफनेही केले. ३१ डिसेंबर १९४०पूर्वी तयार झालेली आणि मुंबईच्या ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ने प्रमाणित केलेली मोटार ती ‘व्हिंटेज’, आणि तिच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सूट. म्हणजे गाडीच्या वारशाची साक्ष हौशी लोकांच्या एका क्लबाने द्यायची होती.

सरकारची व्याख्या आली जुलै २०२१मध्ये. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नवी कलमे घातली गेली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, खासगी वापराची, चासी, सांगाडा वा इंजिन न बदललेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरली. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अर्जासोबत विम्याची पॉलिसी जोडणे आवश्यक. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. पुढच्याच वर्षी, जून २०२२पासून, व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारींना थर्ड पार्टी हप्त्यातही निम्मी सूट मिळाली.

१९४० ही तारीख जागची हलत नव्हती. पन्नास वर्षांची अट मात्र दरवर्षी नव्या गाड्यांना आत घेते. ही सुधारणा मोठीच. पण ‘मूळ रूपात’ या दोन शब्दांनी दार पुन्हा अरुंद केले. परवाना राजवटीत आयातीवर कडक बंधने होती आणि सुटे भाग दुर्मीळ होते. अमेरिकी गाडीत डिझेल इंजिन बसवणे, एका मोडीत निघालेल्या गाडीचे भाग दुसरीला लावणे, ही तेव्हाची हौस नव्हती, गरज होती. गाडी मूळ रूपात ठेवणे परवडले ते बहुधा संस्थानिकांना आणि धनिकांना. ज्या गाड्या मेस्त्रीच्या हिकमतीने चालत राहिल्या, त्या नियमाबाहेर पडल्या. जानेवारी २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात बदल चालणार नाही, असे सांगितले. कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण होतो, तो वेगळाच.

मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी तर पहिल्याच पायरीवर अडते. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी शहराची ओळख होती. शेवटची नोंदलेली टॅक्सी वयोमर्यादा संपून ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. व्यावसायिक वाहनाला व्हिंटेज नियम लागूच होत नाही, आणि जिला वीस वर्षांनी रस्ता सोडावा लागतो तिने पन्नाशी गाठायची कशी?

नियम कडक असण्यामागे सुरक्षिततेचे कारण आहे आणि ते खोटे नाही. तरीही जुने दुरुस्तीबदल कागदोपत्री नोंदवून, गाडी तपासून, तिचे मूल्य आधीच मान्य करणारी एक वेगळी वर्गवारी करणे अशक्य नाही. नाहीतर आपल्या संग्रहालयांत राजांच्या मोटारी राहतील, आणि ज्या मोटारींनी सामान्यांचा विसावा शतक ओढला त्यांच्या वाट्याला फक्त भंगाराची पावती येईल.