नॉर्मल की सिझर?

ताईचा मुलगा आता शाळेत जातो, तरी त्याच्या जन्मावरून आमच्या घरात होणारा वाद मिटलेला नाही. आजीचं म्हणणं ठरलेलं, "मला सहा झाली, सगळी घरात, सुईणीच्या हाताखाली. हिलाच कशाला कापावं लागलं?" आई म्हणते, डॉक्टर सांगतील ते ऐकायचं असतं. ताई काहीच बोलत नाही. उठून आत जाते.

गोष्ट मे २०२० ची. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ताई फेब्रुवारीत नाशिकहून पुण्याला आली आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं. भावजी तिकडेच अडकले. ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं, त्यांनी सांगितलं, कोविडचा रिपोर्ट असेल तरच दाखल करून घेऊ. टेस्टचे साडेचार हजार रुपये. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण तो पाचच दिवस चालणार होता. कळा सुरू झाल्या नव्हत्या. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "रिपोर्ट हातात आहे तोवर करून टाकू, उगाच रिस्क नको." नाक्यानाक्यावर मोबाइलवरचा पोलीस पास दाखवत मी गाडी चालवली. संध्याकाळी भाचा झाला. सिझर.

ते सिझर कोविडमुळे झालं का? हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मी खराडीतल्या एका कंपनीत डॅशबोर्ड बनवतो, म्हणजे लोकांच्या आकड्यांचे आलेख करतो. वाटलं, टक्केवारी शोधू, एक आलेख काढू, वाद मिटवून टाकू.

स्क्रीनशॉट काढला, पण पाठवला नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे सहज मिळाले. २०१५-१६ च्या फेरीत भारतातल्या शंभर बाळंतपणांपैकी १७.२ सिझरची होती, २०१९-२१ च्या फेरीत २१.५. महाराष्ट्रात हाच आकडा २०.१ वरून २५.४ वर गेला. '२०१९-२१' हे वाचून मला वाटलं, सापडलं! कोविड आला आणि सिझर वाढली. फॅमिली ग्रुपवर टाकायला स्क्रीनशॉटही काढला.

मग तारखा नीट बघितल्या. हे सर्वेक्षण दोन टप्प्यांत झालं होतं. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता आणि तो टप्पा जानेवारी २०२० मध्ये संपला. पुण्यातले पहिले कोविड पेशंट सापडले ९ मार्च २०२० ला. शिवाय सर्वेक्षणात मागच्या पाच वर्षांतल्या बाळंतपणांबद्दल विचारतात. म्हणजे महाराष्ट्रातली ही सगळी वाढ साथीच्या आधीची. देशातल्या खासगी हॉस्पिटलांत तर २०१५-१६ मध्येच शंभरातली जवळपास ४१ बाळंतपणं सिझरची होती आणि सरकारी हॉस्पिटलांत १२. ही दरी विषाणूने पाडलेली नव्हती.

स्क्रीनशॉट डिलीट केला. साथ आली की बाळंतपणाचं काय होतं, हे समजायला एका फेरीचे आकडे पुरणार नव्हते. आणि पुण्याला साथी काही नव्या नाहीत.

एक दार उघडं, एक दार फोडलेलं

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे तेव्हा दोनच वाटा असायच्या, स्वतः मरायचं किंवा मूल मारायचं. फुल्यांनी तिसरी वाट दिली. इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा. १८८४ पर्यंत ३५ विधवा तिथे येऊन गेल्या होत्या. १८७४ मध्ये तिथेच एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा फुल्यांनी दत्तक घेतला, यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला.

तिथे ऑपरेशन थिएटर नव्हतं. तेव्हा जगातच सिझर म्हणजे जवळपास आईच्या मरणाची तयारी होती. गर्भाशय नीट शिवायची पद्धत जर्मनीत माक्स झेंगर यांनी १८८२ मध्ये मांडली, त्यानंतर कुठे बायका त्यातून जगण्याचं प्रमाण वाढू लागलं. फुल्यांच्या घरात जी सोय होती ती इतकीच, की आत येणाऱ्या बाईला कोणी बोल लावणार नाही. त्यासाठी बायका आल्या.

यानंतर चौतीस वर्षांनी त्याच शहरात प्लेग आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीचे रोग कायदा झाला आणि वॉल्टर रँड यांच्या प्लेग कमिटीने घराघरांत गोरे सोल्जर घुसवले. रोगी शोधायचा तर काखेत आणि जांघेत गाठ बघायची. बायकांची ही तपासणी परक्या पुरुषांसमोर व्हायची. लोक एवढे घाबरले की आजारी माणसं घरात लपवू लागले. फेब्रुवारी संपेपर्यंत निम्मं शहर गाव सोडून गेलं होतं. प्लेगच्या हॉस्पिटलात बायकांचे कसे हाल होतात, याची तक्रार पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहून केली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. इथपर्यंतचा इतिहास आपण शाळेत शिकतो.

शाळेत न शिकवलेली गोष्ट म्हणजे त्या वसंत ऋतूत पुण्यात पोटुशा बायकाही होत्या. बाळंतिणीला ताप येणं तेव्हा नेहमीचंच होतं. आता त्याच तापाचा अर्थ प्लेग असा निघू शकत होता. दहा दिवसांची ओली बाळंतीण, कडेला तान्हं मूल, आणि दारात बूट वाजतायत. अशा घराने सुईणीला तरी हाक मारली असेल का, ससूनला नेणं तर लांबच? ससून हॉस्पिटल १८६७ पासून शहरात उभं होतं. ते होतं म्हणजे बायकांसाठी होतंच असं नाही.

त्याच महिन्यांत हडपसरजवळ ससाणे मळ्यात यशवंत प्लेगच्या रोग्यांवर उपचार करत होता आणि सावित्रीबाई रोगी आणून पोचवत होत्या. मुंढव्याच्या गायकवाडांच्या मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, असं सांगतात. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. ज्या घराचं दार बायकांसाठी उघडं राहिलं होतं, त्याच घरातून साथीतही माणसं बाहेर पडली आणि लोकांनी त्यांच्या हाती आपली माणसं दिली.

विश्वास बसायला लागलेली वर्षं

बायका हॉस्पिटलात यायला लागल्या त्या हळूहळू. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि मुलींना, त्यातही विधवांना, ससूनमध्ये नर्सिंगच्या आणि सुईणपणाच्या शिक्षणाला पाठवलं. १९१२ मध्ये रास्ता पेठेत केईएम सुरू झालं, तेही लहानसं प्रसूतिगृह म्हणून. पलीकडे आपल्यासारखी बोलणारी बाई असेल, हा भरवसा त्या मुलींनी तयार केला.

मध्येच १९१८ चा इन्फ्लुएन्झा येऊन गेला. भारतात एक कोटीहून जास्त माणसं मेली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली, जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच झालंय. त्या तापाने गरोदर बायकांना विशेष गाठलं. अमेरिकेत १९१९ मध्ये आजारी पडलेल्या १,३५० गरोदर स्त्रियांची माहिती गोळा केली तेव्हा त्यातल्या २७ टक्के दगावल्याचं दिसलं. त्या वर्षी भारतात जन्मही कमी झाले. आई गेली की तिचं बाळंतपण कुठल्याच वहीत येत नाही, ना नॉर्मलमध्ये ना सिझरमध्ये.

१९४४ मध्ये डॉ. बानू कोयाजी केईएममध्ये आल्या तेव्हा तिथे चाळीसेक खाटा होत्या. पुढे त्यांनी ते मोठं हॉस्पिटल केलं आणि वढूसारख्या गावांपर्यंत काम नेलं. २०१९ पर्यंत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. बायका घाबरून लांब राहायच्या, तिथून इथवर यायला शंभरहून जास्त वर्षं लागली.

छेद बदलला की टक्का बदलतो

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने जो कायदा लावला तो हाच, १८९७ चा. पेठा सील झाल्या, भवानी पेठ सगळ्यात आधी बातम्यांत आली. हॉस्पिटल म्हणजे जिथे कोविड मिळतो ती जागा, असं लोक म्हणू लागले. पश्चिम भारतातल्या चार मोठ्या हॉस्पिटलांनी पहिल्या लॉकडाऊनचे दहा आठवडे मोजले. गरोदर बायकांचं दाखल होणं आधीपेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त घटलं होतं. आलेल्यांमध्ये सिझरचं प्रमाण थोडं वाढलं होतं.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. समजा, एका हॉस्पिटलात महिन्याला १०० बाळंतपणं होतात, ३० सिझर, ७० नॉर्मल. लॉकडाऊनमध्ये ज्यांना काही त्रास नाही अशा ३० जणी गावाला गेल्या, घरी राहिल्या किंवा जवळच्या छोट्या दवाखान्यात गेल्या. अडलेल्या बायका मात्र यायच्या थांबत नाहीत. आता सिझर ३० च, पण एकूण ७०. टक्केवारी ३० वरून ४३ वर. एकही ऑपरेशन जास्त झालेलं नाही. बदललाय तो अपूर्णांकाचा छेद.

याचा अर्थ गरज नसताना कुणाचं सिझर झालंच नाही असं नाही. सुरुवातीला भीती खरी होती. वूहानमधल्या पहिल्या नऊ कोविडबाधित गरोदर स्त्रियांची माहिती फेब्रुवारी २०२० मध्ये छापून आली, त्या नऊही जणींचं सिझर झालं होतं. पुढे जगभरच्या आणि आपल्याही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी सांगितलं की नुसता कोविड हे सिझरचं कारण होत नाही. ससूनमध्ये मे २०२० मध्ये जन्मलेल्या एका बाळाला वारेतून पोटातच लागण झाल्याचं डॉक्टरांनी दाखवून दिलं, भारतातली अशी ती पहिली नोंद. ते बाळ बरं होऊन घरी गेलं. पण पोटातच झालेली लागण सिझरने कशी टळणार?

तरीही नॉर्मलची वाट बघायची म्हणजे बारा-चौदा तास कुणीतरी पीपीई किटमध्ये उभं राहायचं, भूलतज्ज्ञ मिळेल का बघायचं, रिपोर्टची मुदत संपेल का मोजायचं. सिझरला वेळ ठरवता येते. आमच्या ताईचं सिझर बहुतेक त्या कॅलेंडरने ठरवलं. आयसीएमआरच्या एप्रिल २०२० च्या सूचनेत असंही होतं की टेस्ट नाही म्हणून बाळंतपण अडवू नका. आमच्यापर्यंत ती ओळ कुणी पोचवली नाही.

'नॉर्मल'

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींची सून त्याच जुलैत बाळंत झाली. त्यांची वस्ती सील होती. रात्री कळा सुरू झाल्या. पहिल्या दवाखान्याने रिपोर्ट मागितला. दुसऱ्याने बेड नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्याच्या फाटकात रिक्षातच बाळंतपण झालं. बाळ वाचलं नाही.

मावशींनी हे मला ऑगस्टमध्ये भांडी घासता घासता सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "नॉर्मलच झाली होती हो."

आपण 'नॉर्मल' हा शब्द किती सहज वापरतो. माझ्या शीटमध्ये ती बाई नॉर्मलच्या रकान्यात जाते. म्हणजे तिने सिझरची टक्केवारी खाली आणली. आलेखावर ती चांगली बातमी आहे.

'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये मार्च २०२१ ला १७ देशांतले ४० अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. साथीत सिझरच्या आणि नॉर्मलच्या प्रमाणात एकूण असा ठळक फरक पडला नव्हता. वाढलं होतं ते मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण, सुमारे २८ टक्क्यांनी, आणि आयांचे मृत्यूही. मी ज्या आकड्याच्या मागे लागलो होतो तो जागचा हलला नव्हता, आणि जो हलला होता तो मी शोधलाच नव्हता.

दुसरी लाट त्याहून वाईट गेली. मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये पहिल्या लाटेत १,१४३ कोविडबाधित गरोदर आणि बाळंत स्त्रियांपैकी ८ दगावल्या, दुसऱ्या लाटेत ३८७ पैकी २२. गरोदर बायकांना लस घ्यायची परवानगी मिळाली २ जुलै २०२१ ला, लाट ओसरल्यावर.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये सिझर १० ते १५ टक्के असावं असं म्हटलं होतं. २०१५ मध्ये तिनेच सांगितलं, एखादा ठरावीक आकडा गाठायच्या मागे लागू नका, जिला गरज आहे तिला ते मिळेल एवढं बघा. हे वाचलं आणि मला आजीचं वाक्य आठवलं. तिला सहा झाली, सगळी घरात. पण बाबा धरून भावंडं चार. सहातून चार गेले की दोन उरतात, हे गणित मी इतकी वर्षं कधी केलं नव्हतं. आजीला विचारलं. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "एक आडवं होतं. आणि एक नुसतं निळं आलं. तेव्हा कुठे होतं तुमचं सिझर!"

ताई दारात उभी राहून ऐकत होती. त्या दिवशी ती उठून आत गेली नाही. आजीच्या शेजारी बसली, सुपातल्या थोड्या शेंगा आपल्या पुढ्यात ओढल्या आणि म्हणाली, "माझं करायला नको होतं असं मी कधीच म्हटलं नाही. मला एकदा विचारायला हवं होतं, एवढंच."

सिझरवरून आमच्याकडे त्यानंतर वाद झालेला नाही. माझ्या शीटमध्ये मी एक रकाना वाढवलाय, 'दवाखान्याच्या दारात पोचल्यावर आत घेईपर्यंत किती वेळ'. त्यात अजून दोनच नोंदी आहेत. ताईची, वीस मिनिटं. आणि मावशींच्या सुनेची. ती रिकामी ठेवलीय.