मोत्यांच्या गालिच्याचा माग

जुन्या वस्त्राचा इतिहास त्याच्या विणीत असतो, तितकाच तो कोणाकडून कोणाकडे गेला यातही असतो. बडोद्याचा मोत्यांचा गालिचा या दृष्टीने आपण अभ्यासावा असा आहे. खंडेराव महाराज गायकवाडांनी तो १८६५च्या सुमारास करविला. रेशीम आणि हरणाचे कातडे यांवर बसऱ्याचे असंख्य मोती, मधूनमधून हिरे, माणके आणि पाचू. मदिनेतील पैगंबरांच्या कबरीसाठी तो योजिला होता, असे परंपरा सांगते. परंतु १८७० मध्ये महाराज निवर्तले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. १९०२-०३च्या दिल्लीच्या प्रदर्शनात तो मांडला गेला. पुढे प्रतापसिंहरावांच्या द्वितीय पत्नी सीतादेवी यांच्याबरोबर तो मोनॅकोला गेला, आणि २००९ मध्ये दोहा येथील लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरांना विकला गेला.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, तेव्हा राज्याची मालमत्ता आणि राजाची खासगी मालमत्ता यांत रेषा ओढावी लागली. असा प्रश्न उद्भवतो तेव्हा जामदारखान्याची यादी हाच साक्षीदार. आपल्या पेट्यांतील शेले-पैठण्यांनाही हाच न्याय लागू आहे. कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी दिले, हे सांगणारी वडीलधारी माणसे आहेत तोवरच आपण ते लिहून ठेवले पाहिजे.