लिलीच्या ‘अश्रूं’ची गोष्ट

आपल्याकडे बागेत किंवा फुलबाजारात ज्यांना सरसकट ‘लिली’ म्हटले जाते, त्यांतील बहुतेक वनस्पती खऱ्या लिली नव्हेत. पावसाची पहिली सर आली की उमलणारी छोटी गुलाबी-पांढरी लिली, हारांत गुंफली जाणारी स्पायडर लिली आणि मोठ्या लाल फुलांची हिप्पिअ‍ॅस्ट्रम या सर्व अ‍ॅमॅरिलिडेसी कुलातल्या आहेत. खरी लिली म्हणजे लिलियम या प्रजातीतील वनस्पती. उत्तर गोलार्धाच्या थंड व समशीतोष्ण भागांत ती वाढते. दक्षिण भारतात निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत तिची एक जात रानात आढळते.

हा फरक समजण्यासाठी कंद आडवा कापून पाहावा. स्पायडर लिलीच्या कंदात कांद्यासारखी एकात एक बसलेली वलये दिसतात आणि बाहेरून कोरडे आवरण असते. खऱ्या लिलीच्या कंदाला आवरण नसते. लसणीच्या पाकळ्यांसारखे मांसल खवले एका तबकडीवर सुटेसुटे बसवलेले असतात. हा सुटेपणा लिलीच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला, कारण एकेक खवला अलग करून ओलसर वाळूत ठेवला तर काही आठवड्यांत त्याच्या बुडाशी इवल्या कंदिका धरतात. एका कंदापासून अशा रीतीने अनेक झाडे मिळू शकतात.

लिली वाढवण्याची माणसाची धडपड जुनी आहे. थिओफ्रास्टस या ग्रीक विद्वानाने इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास नोंदले आहे की लिली स्वतःच्या ‘अश्रूं’पासूनही उगवते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी यानेही तेच सांगितले. अश्रूंपासून झाड कसे उगवेल? वाचताना ही निव्वळ कविकल्पना वाटते. परंतु युरोपातील नारिंगी फुलांच्या लिलियम बल्बिफेरममध्ये पानांच्या बगलेत थेंबांएवढ्या कंदिका येतात, त्या गळून पडतात आणि जमिनीत रुजतात. प्राचीनांचे ‘अश्रू’ म्हणजे अशाच कंदिका असाव्यात, असे मानायला जागा आहे.

या ‘अश्रूं’चे सामर्थ्य प्रत्यक्ष दिसले ते एकोणिसाव्या शतकात. विल्यम केर या संग्राहकाने १८०४ साली चीनमधील कँटनहून टायगर लिलीचे कंद लंडनजवळच्या क्यू उद्यानात पाठवले. चीनमध्ये ही लिली शतकानुशतके खाण्यासाठी लावली जात होती. तिच्या पानांच्या बगलेत काळसर, मण्यांसारख्या कंदिका भरपूर येतात. त्या पेरून क्यूच्या माळ्यांनी १८१२ पर्यंत दहा हजारांहून अधिक कंद वाटले.

टायगर लिलीला बी मात्र सहसा धरत नाही. लिलीच्या पेशीत सामान्यतः २४ गुणसूत्रे, म्हणजे १२ चे दोन संच असतात. बागांत पसरलेल्या टायगर लिलीत तीन संच, म्हणजे ३६ गुणसूत्रे आहेत. परागकण व बीजांड तयार होताना तीन संचांची समान वाटणी होऊ शकत नाही, म्हणून ती वंध्य राहते. कंदिकेतून उगवलेले प्रत्येक झाड मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते.

येथेच धोका दडलेला असतो. हुबेहूब प्रतीबरोबर मूळ झाडाचा रोगही पुढे जातो. टायगर लिली काही विषाणू स्वतः फारशी लक्षणे न दाखवता बाळगते. मावा किडी तिचा रस शोषून शेजारच्या लिलीवर गेल्या की ते झाड आजारी पडते. बागवानाला मात्र टायगर लिली निरोगीच दिसत असते.

विषाणू काय करू शकतात, याचा धडा बर्म्युडा बेटांनी दिला. जपानच्या दक्षिणेकडील बेटांतून आलेल्या पांढऱ्या ईस्टर लिलीचे कंद तेथे मोठ्या प्रमाणावर पिकवून परदेशी पाठवले जात. पुढे रोग पसरला आणि हा व्यापार ढासळला. १९१८ साली निर्यात अवघ्या ८२३ पेट्यांवर आली होती. १९२० च्या दशकात तेथे नेमलेले तरुण वनस्पतिरोगतज्ज्ञ लॉरेन्स ओगिल्व्ही यांनी या रोगाचे कारण विषाणू असल्याचे दाखवले. शेतांची आणि कंद बांधणीच्या जागांची सरकारी तपासणी सुरू झाली. १९२७ मध्ये निर्यात ६,०४३ पेट्यांपर्यंत पोहोचली. रोग्याला बरे करणारे औषध तेव्हाही नव्हते, आजही नाही. रोगट झाड ओळखून वेगळे काढणे एवढाच उपाय होता.

दुसरी वाट बियांची. लिलीवरील बहुतेक विषाणू बियांतून पुढच्या पिढीत जात नाहीत. अर्नेस्ट विल्सन यांनी १९०३ साली चीनच्या सिच्वान प्रांतात मिन नदीच्या खोऱ्यात रीगल लिली शोधली. १९१० मध्ये बॉस्टनच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानासाठी ते पुन्हा तेथे गेले, तेव्हा दरड कोसळून त्यांचा पाय मोडला. कॅमेऱ्याच्या तिवईच्या काठ्या पायाला बांधून त्यांना न्यावे लागले. ते जन्मभर लंगडत चालले, पण हजारो कंद अमेरिकेला पोहोचले. रीगल लिली बियांपासून सहज वाढते आणि दोन-तीन वर्षांत फुलते. त्यामुळे डोंगरातून पुन्हापुन्हा कंद खणून आणण्याची गरज उरली नाही.

मात्र बियांची झाडे एकमेकांसारखी निघत नाहीत. तेच झाड हवे आणि तेही निरोगी हवे, हा पेच सुटला तो ऊतिसंवर्धनाने. १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी रोगट डेलियाच्या शेंड्यावरील विभाजी ऊतीचा सूक्ष्म तुकडा वाढवून विषाणुमुक्त झाडे मिळवली. १९५७ मध्ये लिलीच्या खवल्यांचे तुकडे कृत्रिम माध्यमात वाढवल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पुढे लिलीचे निरोगी वाण याच मार्गाने तयार होऊ लागले.

शाळेत हे करून पाहता येईल. खऱ्या लिलीचा कंद मिळाल्यास बाहेरचे चार-पाच खवले काढून, ओलसर वाळू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सावलीत ठेवावेत आणि दर आठवड्याला नोंद करावी. न मिळाल्यास हिप्पिअ‍ॅस्ट्रमचा कंद घ्यावा. मात्र त्याचे उभे तुकडे करताना प्रत्येकात दोन खवले आणि बुडाच्या तबकडीचा अंश राहील असे पाहावे. तबकडीशिवाय ठेवलेले काही तुकडे तुलनेसाठी बाजूला ठेवावेत. दोहोंत कंदिका कोठे धरतात आणि कोठे धरत नाहीत, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहिले म्हणजे कंदाची रचना त्यांना पाठ करावी लागणार नाही. आणि शेजाऱ्याकडून कंद आणताना त्याची पाने आधी नीट पाहून घ्यावीत, हेही ते विसरणार नाहीत.